दुकानातलं क्रॅक कोरल-फोटोशॉप काढायचंय: खरा धोका कुठे आणि सुरुवात कुठून करावी?

नौपाडा_डीटीपी

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्याला आमचं छोटं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर मजकूर-डिझाइन जुळवून छपाईला देण्याचं) दुकान आहे. कामं म्हणजे लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुकं, दोन-तीन शाळांची ओळखपत्रं, आणि गणपती-नवरात्रात फ्लेक्सचं डिझाइन. फ्लेक्सची छपाई बाहेरून, वागळे इस्टेटमधून करून घेतो.

कॉम्प्युटर तीन. दोनांवर विंडोज ७, एकावर विंडोज १०. तिन्हींवर कोरल एक्स३ (डिझाइनचं) आणि फोटोशॉप सीएस३ (फोटोंचं), एकावर पेजमेकर ७ (पानं जुळवण्याचं). विंडोज १० वाल्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या नव्या फायली उघडाव्या लागतात म्हणून कोरलची अलीकडची आवृत्तीही आहे. सगळं क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेल्या चोरीच्या प्रती. मराठी मॅटर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये आणि तेही कॉपी केलेले. अँटीव्हायरस बंद ठेवावा लागतो, कारण चालू केला की तो कोरलची फाइल उडवतो. बँकेचं काम, जीएसटीचं लॉगिन, व्हॉट्सअ‍ॅप वेब हे सगळं त्याच विंडोज १० वाल्या मशीनवर चालतं.

हे सगळं काढून टाकायचं ठरवलंय. पण दुकान एक दिवसही बंद ठेवता येणार नाही आणि तिन्ही मशीनवर एकदम परवाने घेण्याइतके पैसे नाहीत. नेमका धोका कशाकशात आहे, आधी काय करायचं आणि जुन्या फायलींचं काय, हे नीट समजून घ्यायचंय. 'सगळे वापरतात, काही होत नाही' हे उत्तर बरंच ऐकून झालंय, त्यामुळे ते नको.

---

कोपरी_हार्डवेअर

ताई, जुनं सॉफ्टवेअर आणि चोरीचं सॉफ्टवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरल एक्स३ हे २००६ सालचं. कोणी ते तेव्हा पावती-डब्यासकट घेतलं असेल तर आजही वापरायला त्याची हरकत नाही, त्याला त्रास होईल तो फक्त जुनेपणाचा. तुमच्याकडे दोन्ही आहेत, आणि त्यात जास्त घातक क्रॅक.

क्रॅकच्या फोल्डरात सूचनांची टेक्स्ट फाइल असते, ती एकदा शांतपणे वाचा. इंटरनेट बंद करा. अँटीव्हायरस बंद करा. पॅचवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' द्या. मूळ डीएलएल (प्रोग्रामचाच एक भाग असलेली) फाइल काढून तिच्या जागी ही फाइल ठेवा. म्हणजे अनोळखी माणसानं बदललेला प्रोग्राम आपण पहारेकऱ्याला झोपवून, घराच्या सगळ्या किल्ल्या हातात देऊन आत घेतला. त्या पाच मिनिटांत त्यानं फक्त कोरलचं कुलूप तोडलं की माळ्यावर आणखी काही ठेवून गेला, हे कळायला मार्ग उरत नाही. अँटीव्हायरस प्रत्येक क्रॅकवर ओरडतो, त्यामुळे खरा इशारा आणि नेहमीची ओरड यांतला फरकच आपल्याला दिसेनासा होतो.

सोबत काय येतं? मुख्यतः दोन प्रकार.

एक म्हणजे माहिती चोरणारे प्रोग्राम. रेडलाइन, व्हिडार, लुमा ही त्यातली गाजलेली नावं. हे स्क्रीनवर काहीच दाखवत नाहीत. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज उचलतात, बाहेर पाठवतात, आणि बरेचदा स्वतःला पुसूनही टाकतात. यातली कुकीची भानगड समजून घ्या. तुम्ही एकदा ओटीपी टाकून जीमेलमध्ये शिरलात की 'हा माणूस आत आलेला आहे' अशी चिठ्ठी ब्राउझरमध्ये राहते. चोरानं ती चिठ्ठीच नेली तर त्याला तुमचा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. म्हणून 'माझ्याकडे ओटीपी लावलाय' या भरवशावर राहू नका.

दुसरा प्रकार खंडणीचा. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं कुटुंब २०१८ पासून मुख्यतः क्रॅक आणि कीजेन (खोटा परवाना-क्रमांक बनवणारे प्रोग्राम) यांतूनच पसरलं. घरगुती माणसं आणि छोटी दुकानं हेच त्याचं गिऱ्हाईक. ते प्रत्येक फाइलचे सुरुवातीचे सुमारे १५० केबी कुलूपबंद करतं, नावापुढे वेगळं एक्स्टेन्शन लावतं आणि फोल्डरात चिठ्ठी सोडतं: ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. १५० केबी ऐकायला कमी वाटतात, पण एका व्हिजिटिंग कार्डाची सीडीआर (म्हणजे कोरलची) फाइल बहुधा तेवढीच असते, म्हणजे ती पूर्ण गेली. मोफत मिळणारं सोडवण्याचं साधन काही जुन्या प्रकारांवर आणि 'ऑफलाइन' किल्लीनं बंद झालेल्या फायलींवरच चालतं. लागण झाली त्या वेळी मशीन नेटला जोडलेलं असेल तर आशा फार थोडी. आणि पेनड्राइव्ह, बॅकअपची हार्डडिस्क, शेअर केलेलं फोल्डर, त्या क्षणी जे जे जोडलेलं असेल ते सगळं जातं.

तुमच्या मशीनवर आज काय दिसतंय ते तीन ठिकाणी बघा. विंडोज १० वर विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि सर्वांत खाली 'एक्सक्लूजन्स'. तिथे अख्खी सी ड्राइव्ह किंवा प्रोग्राम फाइल्स वगळलेलं दिसलं तर डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) चालू असून नसल्यासारखा आहे. मग टास्क शेड्यूलरमध्ये कुणी न ठेवलेली, विचित्र नावाची कामं आहेत का ते पाहा. तिसरी जागा होस्ट्स नावाची फाइल: विंडोज फोल्डर, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी. १२७.०.०.१ पुढे अ‍ॅडोबी-कोरलच्या सर्व्हरची नावं असतील तर ती क्रॅकवाल्यानं टाकलेली. त्याच यादीत अँटीव्हायरस कंपन्यांची किंवा विंडोज अपडेटची नावं असतील तर सरळ समजा, आत पाहुणा आहे. पण या तिन्ही जागा स्वच्छ निघाल्या म्हणून मशीन स्वच्छ, असं मात्र धरू नका.

काढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे, तो उलटा केलात तर मेहनत वाया:

१. बँक, जीएसटी, ईमेल आजपासून या मशीनवर बंद. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. बदलताना 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' दाबा, नाहीतर चोरलेली कुकी काही ठिकाणी चालूच राहते. व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून सगळी मशीन काढा.

२. एक्सप्लोररमध्ये फायलींची एक्स्टेन्शन दिसतील असं करा. 'पत्रिका.सीडीआर' म्हणून दिसणारी फाइल प्रत्यक्षात 'पत्रिका.सीडीआर.ईएक्सई' असू शकते.

३. नव्या हार्डडिस्कवर फक्त कामाच्या फायली घ्या: सीडीआर, पीएसडी, टिफ, जेपीजी, पीडीएफ, एक्सेल, पेजमेकरच्या फायली. एकही सेटअप, क्रॅक किंवा झिप नको. कोरलचे मॅक्रो म्हणजे जीएमएस फायलीही नकोत. मॅक्रो हा प्रोग्रामच असतो, आणि टेलिग्रामवरून घेतलेले तर नकोतच नको.

४. डिस्क काढून ठेवा. दुसऱ्या स्वच्छ मशीनवर तपासून घ्या. मग तिची आणखी एक प्रत करून घरी ठेवा.

५. त्यानंतरच फॉरमॅट. नुसतं 'अनइन्स्टॉल' करून भागत नाही. कोरल जाईल, सोबत आलेलं जाईलच असं नाही.

विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपली आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ७ वर क्रोमही १०९ व्या आवृत्तीवर अडकलंय. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज ७ वाली मशीन बहुतेक त्यात बसणार नाहीत. तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून इंकस्केप (डिझाइनसाठी) आणि स्क्रायबस (पानं जुळवण्यासाठी) चालवणं हा चांगला मार्ग आहे, फुकटचा आहे म्हणून कमी लेखू नका.

---

ऐरोली_डिझाइन

मला एवढा खटाटोप नको वाटतो. डिझाइनच्या मशीनची नेटची वायर काढून टाका, बँकेचं काम दुसऱ्या मशीनवर करा. क्रॅक आहे तसं राहू द्या. जे नेटवर नाही त्याला काय होणार?

---

कोपरी_हार्डवेअर

अर्धं बरोबर आहे. रीतसर घेतलेली जुनी आवृत्ती चालू ठेवायची असेल तर वायर काढलेलं मशीन हा खरंच उत्तम उपाय. पण क्रॅकसाठी नाही. डीटीपीच्या दुकानात दिवसाला दहा गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह घेऊन येतात. तोच पेनड्राइव्ह नेट नसलेल्या मशीनमधून नेट असलेल्या मशीनमध्ये जातो, म्हणजे वायर काढली तरी रस्ता उघडाच. शिवाय खंडणीवाल्या प्रोग्रामला फायली बंद करायला नेट लागत नाही. ते नसेल तर तो आतली ठेवणीतली किल्ली वापरतो. आणि परवान्याचा प्रश्न वायर काढून सुटत नाही.

---

तुर्भे_प्रीप्रेस

सुरक्षेचं वर आलंच आहे. मी छपाईच्या बाजूनं लिहितो, कारण ठाणे-नवी मुंबईतली दुकानं जुन्या कोरलला का चिकटून बसतात याचं मूळ मला पैशात नाही, मराठी फॉन्टमध्ये दिसतं. ती गाठ सोडवली नाही तर परवाना घेऊनही तुम्ही एक्स३ कडेच परत याल.

श्रीलिपी, डीव्हीबी वगैरे जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नाहीत. त्यात 'क' च्या जागी आतमध्ये एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं, फॉन्ट फक्त त्याला 'क' चा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मुखवटा गळतो आणि कचरा दिसतो. उलट बाजूनं, कोरल एक्स३ मध्ये युनिकोड मराठी टाकलं तर 'कि' ची वेलांटी क च्या मागे जाते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. देवनागरीसारख्या लिपीची जुळणी कोरलला एक्स६ पासून, म्हणजे २०१२ पासून नीट यायला लागली. म्हणून जुना फॉन्ट जुन्या कोरलला धरून बसतो आणि जुनं कोरल जुन्या फॉन्टला.

सुटका अशी करा. फॉरमॅट करण्याच्या आधी, जुनं मशीन चालू आहे तोवर:

झालेली, पुन्हा फक्त छापायची कामं (बिलबुकं, लेटरहेड, कार्ड) उघडा, सगळं निवडा, कंट्रोल+क्यू करून कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या होतात) आणि वेगळ्या नावानं सेव्ह करून पीडीएफही काढा. मूळ फाइलवर कर्व्ह सेव्ह करू नका, मॅटर कायमचं जाईल. कर्व्ह झालेल्या फाइलला फॉन्ट लागत नाही, त्यामुळे ती कुठल्याही मशीनवर तशीच छापते. एक बघा: कोरलमध्ये पॉवरक्लिपच्या (एखाद्या आकाराच्या आत बसवलेल्या डिझाइनच्या) आतलं अक्षर 'सिलेक्ट ऑल'मध्ये येत नाही. पॉवरक्लिप उघडून आत वेगळं कर्व्ह करावं लागतं. 'दिलं तेव्हा बरोबर होतं, प्लेटवर (छपाईच्या पत्र्यावर) कचरा आला' या तक्रारीचं कारण पुष्कळदा हेच असतं.

पुन्हा बदलणारं मॅटर (पत्रिकांचे साचे, ओळखपत्रं) मात्र युनिकोडमध्ये न्यायला लागेल. नेटवर मोफत कन्व्हर्टर आहेत, पण शाळेच्या मुलांची नावं-पत्ते त्यात चिकटवू नका. साचा तेवढा बदला. श्रीलिपी रीतसर घेणार असाल तर तुमच्या फॉन्ट-मालिकेचं रूपांतर त्यात होतं का, हे आधी विचारा.

रूपांतरात नेमकं काय बिघडतं? जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर साठते. कन्व्हर्टरला जोडाक्षर कुठे संपतं हे कळलं नाही की ती चुकीच्या जागी बसते. रफाराचंही तसंच. म्हणून पत्रिकेत हे शब्द डोळ्यांत तेल घालून वाचा: शुभाशीर्वाद, कीर्ती, स्थित, लक्ष्मी, ज्ञानेश्वर, विठ्ठल, 'येणाऱ्या', 'कऱ्हाड'. 'चि. सौ. कां.' मधली टिंबं कधी दुसऱ्याच चिन्हात बदलतात. आणि अंक. मुहूर्ताची वेळ आणि मोबाइल नंबर मूळ प्रुफाशी एकेक आकडा लावून तपासा. शुद्धलेखनाची चूक घरचे पोटात घालतील, मुहूर्ताची घालणार नाहीत.

युनिकोड फॉन्ट मोफत आणि व्यवसायात वापरायला मोकळे असे भरपूर आहेत: मुक्त, बालू, एक्झार, मोठ्या जाड मथळ्याला मोदक. यात्रा वन हा तर मुंबईच्या लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला आहे, मंडळाच्या बॅनरला शोभतो. पत्रिकेच्या मजकुराला तिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात ल आणि श मूळातच मराठी वळणाचे आहेत. बऱ्याच फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात आणि जुन्या गिऱ्हाइकांना ते लगेच खटकतं.

पेजमेकर: शेवटची मोठी आवृत्ती ७, २००१ ची. हल्लीचं इनडिझाइन या फायली उघडत नाही, सीएस६ पर्यंतचं उघडत होतं. लिब्रेऑफिस ड्रॉ बऱ्याच पेजमेकर फायली उघडतं, पण मांडणी हलते आणि मॅटर जुन्या फॉन्टचंच राहतं. म्हणून जुन्या मशीनवरूनच पीडीएफ काढून ठेवणं शहाणपणाचं.

रंग. कोरलची रंगव्यवस्था एक्स५ मध्ये पार बदलली. एक्स३ ची फाइल नव्यात उघडल्यावर स्क्रीनवर रंग वेगळे दिसले तर हातानं 'दुरुस्त' करत बसू नका. आकडे बघा. सी, एम, वाय, के (छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या, काळ्या शाई) च्या किमती त्याच असतील तर छपाई तीच येईल. नव्या कोरलच्या कलर मॅनेजमेंटमध्ये प्रायमरी मोड सीएमवायके आणि 'प्रिझर्व्ह प्युअर ब्लॅक' चालू ठेवा. नाहीतर के १०० चं (नुसत्या काळ्या शाईचं) काळं अक्षर चार रंगांत फुटतं, आणि रजिस्टर (चारही रंगांची एकमेकांवरची जुळणी) जरासं सुटलं की बारीक मराठी अक्षराला लाल-निळी कडा दिसते. रफार आणि अनुस्वार तर वाचता येत नाहीत.

फ्लेक्सचं गणित. २० बाय १० फुटांचा बॅनर ७२ डीपीआयला म्हणजे १७,२८० बाय ८,६४० पिक्सेल. सीएमवायकेत एकाच लेयरचे सुमारे ६०० एमबी. सीएस३ विंडोजवर ३२-बिटचं आहे, १६ जीबी रॅम बसवली तरी ते ४ जीबीच्या पलीकडे पाहतच नाही. तीन-चार लेयर झाले की 'स्क्रॅच डिस्क भरली' म्हणतं किंवा सेव्ह करताना बसतं. फाइल अर्धी लिहिली जाते आणि पुन्हा उघडत नाही. लोक त्याला व्हायरस समजतात, तो साधा जुनेपणा आहे. तीन हात नाक्यावरच्या पुलावरून दिसणाऱ्या होर्डिंगला ३६ डीपीआय पुरतं, फाइल चौथाई होते. अक्षरं फोटोशॉपात नकोच, कोरल किंवा इंकस्केपमध्ये व्हेक्टर ठेवा.

आणि क्रॅक नव्या कोरलचं एक खास दुखणं आहे. ते चालू असता असता परवाना खोटा असल्याचा संदेश देतं, मग सेव्ह, एक्स्पोर्ट, प्रिंट बंद. फक्त बघण्यापुरतं उरतं. हे कुठल्या दिवशी होईल सांगता येत नाही, आणि त्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल एक्स३ मध्ये उघडतही नाही. म्हणजे लग्नसराईत काम अडकलं तर परतीचा रस्ताच नाही. निदान आतापासून तरी नव्यात केलेलं प्रत्येक काम 'सेव्ह अ‍ॅज' मधून चालेल तितक्या जुन्या आवृत्तीतही ठेवा आणि सोबत पीडीएफ काढा.

---

वाशी_अकाउंट्स

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर प्रोग्राम वापरला तर कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण दुकानातला वापर धंद्याचाच. 'डिझाइनरनं टाकलं, मला माहीत नव्हतं' हे आता तुम्हाला म्हणता येणार नाही, कारण तुम्हाला माहीत आहे.

कलम ६४ प्रमाणे फौजदार किंवा त्यावरचा अधिकारी वॉरंटशिवाय प्रती जप्त करू शकतो. जप्त माल दंडाधिकाऱ्यापुढे ठेवावा लागतो आणि तो परत मिळावा म्हणून १५ दिवसांत अर्ज करता येतो. व्यवहारात अर्थ असा की गिऱ्हाइकांच्या फायलींसकट मशीन जातं. दुसरीकडे, 'कंपनीचा वकील बोलतोय, इतके पैसे रोख द्या, मिटवतो' असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका. लेखी नोटीस मागा, ओळखपत्र पाहा, पंचनाम्याची प्रत घ्या.

ऐरोली-महापेच्या कंपन्यांची कामं घेत असाल तर हेही लक्षात ठेवा: तुम्ही पाठवलेल्या पीडीएफच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये ती कोणत्या प्रोग्रामच्या कोणत्या आवृत्तीतून निघाली ते लिहिलेलं असतं. जुनी आवृत्ती म्हणजे चोरी असं सिद्ध होत नाही, पण त्यांच्या खरेदी विभागानं बिल मागितलं तर दाखवायला काहीतरी लागेल.

शाळांच्या ओळखपत्रांची एक्सेल यादी हा तुमच्याकडचा सगळ्यात नाजूक माल. मुलांचे फोटो, पत्ते, पालकांचे नंबर. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालेला आहे, त्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दलचा कमाल दंड २५० कोटी आहे. छोट्या दुकानाला तेवढा लागणार नाही, पण जबाबदारी आहेच. कार्डं देऊन झाली की यादी पुसा, आणि असं शाळेला लेखी कळवा.

खर्च: सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी. खातं उघडताना तुमचा जीएसटी नंबर टाका म्हणजे बिलावर येईल आणि क्रेडिट मिळेल. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर मिळणार नाही. वर्गणी त्याच वर्षीच्या खर्चात जाते, कायमचा परवाना घेतलात तर कॉम्प्युटर-सॉफ्टवेअरला ४० टक्के घसारा. अ‍ॅडोबीचा 'वार्षिक, दरमहा भरणा' प्लॅन १४ दिवसांनंतर मध्येच सोडला तर उरलेल्या रकमेच्या निम्मे द्यावे लागतात, हे न वाचता बरेच जण अडकतात. आणि हजार-दीड हजारात 'लाइफटाइम अ‍ॅडोबी' विकणाऱ्यांपासून लांब राहा. अ‍ॅडोबी असा क्रिएटिव्ह क्लाउड परवाना विकतच नाही. ती बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या खात्यातली जागा असते. ती केव्हाही बंद होते, आणि खातं दुसऱ्याच्या ताब्यात असतं.

---

नौपाडा_डीटीपी

खूप आभार. पॉवरक्लिपच्या आतल्या अक्षरांचं माहीत नव्हतं, आज रात्रीच जुन्या बिलबुकांपासून कर्व्ह करायला सुरुवात करते. दोनच शंका. तीन मशीनला किती परवाने घ्यावेत? आणि इंकस्केपमधून थेट प्लेटला फाइल देता येईल का? कुणी अ‍ॅफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअरही सुचवलं, ते आता मोफत आहे म्हणे.

---

तुर्भे_प्रीप्रेस

परवाना एक, तोही कोरलचा, ज्या मशीनवर विंडोज ११ टाकाल त्यावर. कारण गिऱ्हाईक सीडीआरच आणतं. इंकस्केप आणि लिब्रेऑफिस ड्रॉ सीडीआर उघडतात, पण सावल्या, पारदर्शकता, मेश फिल बिघडतात, त्यामुळे त्यांच्यावर रोजचं दुकान चालणार नाही. फोटोशॉपची वर्गणी घ्यायची असेल तर एकट्या फोटोशॉपची घ्या, सगळा गठ्ठा नको. अ‍ॅडोबीचा एक परवाना दोन मशीनवर साइन-इन होतो, पण वापर एका वेळी एकाच मशीनवर, म्हणजे दोन डिझाइनर एकदम बसू शकत नाहीत. फोटोचं काम ओळखपत्रापुरतंच असेल तर गिंप हे मोफत फोटो-सॉफ्टवेअर पुरतं. मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून त्यात मूळ चित्र न बिघडवता इफेक्ट लावता येतात.

अ‍ॅफिनिटी ऑक्टोबर २०२५ पासून मोफत आहे, कॅनव्हाचं खातं लागतं. इंग्रजी कामाला छान. मराठीसाठी मात्र डाउनलोड केल्यावर आधी 'श्री', 'क्ष्मि', 'र्मि', 'ऱ्या' एवढंच टाइप करून बघा. जोडाक्षर तुटलं तर तिथेच थांबा. कोणत्याही नव्या प्रोग्रामची हीच परीक्षा घ्यावी.

इंकस्केपमधून थेट प्लेटला नको. त्याची पीडीएफ आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) निघते, म्हणजे वर सांगितलेला काळ्या अक्षराचा घोळ. फ्लेक्सला आणि डिजिटल प्रिंटला चालते, कारण तिथे रिप (फाइलचं छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारा प्रोग्राम) रंग बदलून घेतो. ऑफसेटसाठी असं करा:

कार्डाचं माप ३.५ बाय २ इंच, म्हणजे ८८.९ बाय ५०.८ मिमी. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून ९४.९ बाय ५६.८. इंकस्केपमध्ये आकृत्या आणि लोगो बनवा, अक्षरं शिफ्ट+कंट्रोल+सी नं पाथ करा, एसव्हीजी सेव्ह करा. ती स्क्रायबसमध्ये आणा. एडिट, कलर्समध्ये आलेला प्रत्येक रंग उघडून सीएमवायके करा, काळा के १००, बाकी तिन्ही शून्य. मजकूर स्क्रायबसमध्येच टाइप केलात तर उत्तम, १.६ आवृत्तीत देवनागरी नीट जुळते. डॉक्युमेंट सेटअपमध्ये कलर मॅनेजमेंट चालू करून प्रेसनं दिलेली आयसीसी प्रोफाइल (त्या छपाईच्या रंगांचं वर्णन करणारी फाइल) लावा. ती लावल्याशिवाय पीडीएफ/एक्सचे (खास छपाईसाठीच्या पीडीएफचे) पर्यायच दिसत नाहीत, आणि लोक समजतात की स्क्रायबसमध्ये ते नाहीत. सीटीपीवाल्याला (प्लेट बनवणाऱ्याला) विचारा, एक्स-१ए हवी की एक्स-४. पारदर्शकता न हाताळणारं जुनं रिप असेल तर एक्स-१ए द्या.

शेवटी स्क्रायबसच्या प्रिंट प्रिव्ह्यूत चार प्लेटा वेगवेगळ्या बघा (त्यासाठी घोस्टस्क्रिप्ट बसवलेलं लागतं). काळं अक्षर फक्त के च्या प्लेटवर दिसलं पाहिजे. बाकी तीन प्लेटांवर त्याची पुसट सावलीही दिसली तर फाइल परत.

पहिलं काम म्हणून एक सिंगल कलर बिलबुक द्या, त्यानंतर एक फोर कलर कार्ड. दोन्हींच्या प्लेटा हातात घेऊन पाहिल्यावरच दुसरं मशीन फॉरमॅटला काढा. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू होते, त्याच्या आत हे दोन कागद छापून झालेले असू द्या.